नागपूरची हवा आणि ट्यून केलेले टर्बो इंजिन

मोटारीच्या माहितीपत्रकात इंजिनाची शक्ती मोठ्या अक्षरांत छापलेली असते. ती कोणत्या हवेत मोजली, हे मात्र कोणी छापत नाही. मोजणाऱ्यांनी ती हवा फार काटेकोरपणे ठरवून ठेवलेली आहे. इंजिनाच्या निव्वळ शक्तीच्या मोजणीसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे जे १५८५ क्रमांकाचे मानक आहे, त्यात संदर्भाचे उष्णतामान २५ अंश सेल्सिअस आणि कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल धरला आहे. आणि पेट्रोल इंजिनाची प्रत्यक्ष चाचणी चालू असताना आत ओढली जाणारी हवा १५ अंशांहून थंड किंवा ३५ अंशांहून उष्ण असता कामा नये, अशी अट घातली आहे. ही अट नागपूरला लावू गेल्यास चैत्रापासून मृगाच्या पावसापर्यंतच्या बहुतेक दुपारी आणि पौष-माघातील बहुतेक पहाटा चाचणीस नालायक ठरतील. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश उष्णतामान नोंदले गेल्याचे हवामान खात्याच्या दप्तरी आहे. म्हणजे एकाच गावाने एकाच मोटारीपुढे ४४ अंशांचे अंतर मांडून ठेवले आहे.

कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच चालवलेली गाडी हे अंतर निमूटपणे सोसते, कारण ते सोसण्याची तरतूद तिच्यात निर्मात्याने आधीच करून ठेवलेली असते. राजस्थानातला उन्हाळा, लडाखमधली विरळ हवा, आडगावच्या पंपावरचे हलके पेट्रोल आणि सर्व्हिसिंगची मुदत उलटून गेली तरी ढिम्म न हलणारा मालक, या सर्वांचा विचार करून तो इंजिनाच्या सामर्थ्याचा काही हिस्सा अनामत ठेवतो. ट्यूनर, म्हणजे गाडीच्या नियंत्रक संगणकातील कोष्टके बदलून शक्ती वाढवून देणारा कारागीर, जी अधिक शक्ती काढून दाखवतो, ती बव्हंशी याच अनामतीतून काढलेली असते. हा व्यवहार गैर आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु किती रक्कम उचलली आणि ती कोणत्या महिन्यात उचलली, याचा हिशेब नागपूरच्या मालकाला इतर गावांतल्या मालकांपेक्षा अधिक कसोशीने ठेवावा लागतो, आणि तो हिशेब ठेवणारे फार थोडे आहेत.

टर्बोचार्जर असल्यावर हवेच्या घनतेची चिंता कशाला, तो हवी तेवढी हवा दाबून आत घालतोच, असा एक समज जाणत्या लोकांतही आढळतो. तो निम्माच खरा आहे. टर्बो दाब वाढवतो. पण दाबलेली हवा तापते, आणि मुळात तापलेली हवा दाबली तर ती प्रमाणाने अधिकच तापते. एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. बाहेरच्या हवेचा दाब दुप्पट करणारा आणि सत्तर टक्के कार्यक्षमतेने चालणारा एक कॉम्प्रेसर घेतला, तर डिसेंबरातल्या ८ अंशांच्या पहाटे त्याच्या तोंडातून बाहेर पडणारी हवा सुमारे ९६ अंशांची असते. मे महिन्यातल्या ४६ अंशांच्या दुपारी तीच हवा सुमारे १४६ अंशांवर जाते. बाहेरचे अंतर ३८ अंशांचे, आतले ५० अंशांचे. पुढे इंटरकूलर ही उष्णता काढून घेतो खरा, पण तोही बाहेरच्याच हवेने थंड होत असल्यामुळे त्याच्या हातात मर्यादित सत्ता असते: सत्तर टक्के परिणामकारक इंटरकूलर हिवाळ्यात इंजिनाला ३४ अंशांची हवा देईल, उन्हाळ्यात ७६ अंशांची. दाब तोच धरला, तरी सिलिंडरात शिरणारा प्राणवायू हिवाळ्याच्या मानाने बारा टक्क्यांनी घटलेला असतो. शिवाय नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्याने येथील वायुभार मुळातच साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी, आणि मे महिन्यात तो आणखी थोडा खाली येतो.

एवढ्यावर भागले असते तर उन्हाळ्यात गाडीचा पिकअप थोडा मंदावला, इतकेच म्हणून विषय संपवता आला असता. खरी अडचण नॉकिंगची आहे. ठिणगीने पेटलेली ज्वाला सिलिंडरभर पसरत असताना कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकले, की पिस्टनवर घणाचे घाव पडू लागतात. आणि आत येणारी हवा जितकी उष्ण तितकी ही शक्यता वाढते. टर्बोचा इतिहास वाचला तर तो जवळजवळ या एकाच शत्रूशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे असे दिसून येते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. पण सामान्य गिऱ्हाइकाला विकत घेता येईल अशी टर्बोची मोटार बाजारात यायला १९६२ साल उजाडावे लागले, आणि त्या वर्षी अमेरिकेत आलेल्या ओल्डस्मोबिल जेटफायर या गाडीत नॉकिंग आवरण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारण्याची सोय करावी लागली होती. मालकाने ती टाकी वेळेवर भरून ठेवावी, अशी अपेक्षा होती. मालकांनी ती भरली नाही. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या साब कंपनीने नॉकिंगचा कानोसा घेणारा सेन्सर बसवून त्याप्रमाणे टर्बोचा दाब आपोआप कमीजास्त करण्याची योजना आणली, आणि तेव्हापासून टर्बो मोटार सामान्य माणसाच्या हाती निर्धास्तपणे देता येऊ लागली.

आज चाकणच्या कारखान्यातून निघणारे एक लिटरचे टीएसआय इंजिन असो, नेक्सॉनमधले रेव्होट्रॉन असो की ह्युंदाईच्या व्हेन्यूमधले टी-जीडीआय असो, या सर्वांचे संगणक हेच काम अधिक बारकाईने करतात. आत येणाऱ्या हवेचे उष्णतामान मोजून ठिणगीची वेळ मागे घेणे, नॉकिंगच्या विशिष्ट कंपनांची चाहूल लागताच त्या त्या सिलिंडरापुरती ती आणखी मागे घेणे, एवढ्यानेही भागले नाही तर दाब उतरवणे, ही त्यांची कामाची रीत. मात्र ठिणगी उशिरा पडली की ज्वलनाची उष्णता चाकाकडे जाण्याऐवजी धुराच्या वाटेने निघून जाते, टर्बाइनपाशी पोहोचणारा वायू तापतो, आणि तो ९५० ते १,०५० अंशांच्या मर्यादेकडे सरकू लागला की तिथले धातू वाचवण्यासाठी संगणकाला जास्तीचे पेट्रोल ओतावे लागते. उन्हाळ्यात ट्यून केलेल्या गाडीचा मालक दोन्हीकडून तोट्यात असतो: शक्ती घटते आणि पेट्रोलही अधिक जळते.

आता ट्यूनर काय करतो ते पाहिले पाहिजे. फक्त संगणकातील कोष्टके बदलण्याच्या पहिल्या पायरीत, ज्याला हे लोक स्टेज वन म्हणतात, सामान्यतः वीस ते तीस टक्क्यांची वाढ सांगितली जाते. ती वाढ अधिक बूस्ट, म्हणजे टर्बोचा वाढीव दाब, लवकर पडणारी ठिणगी आणि सैल केलेल्या मर्यादा यांतून येते. आधुनिक संगणक शक्तीचे गणित टॉर्कच्या भाषेत करतो. अमुक टॉर्क द्या असा हुकूम सुटला की तेवढी हवा भरण्यासाठी उन्हाळ्यात तो टर्बोकडून अधिक दाब मागतो. टर्बोची दांडी मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेणारी. तिच्या वेगालाही हद्द असते, आणि निर्मात्याने आखलेल्या हद्दीच्या अलीकडे जे अंतर राखले होते, ते ट्यूनरने आधीच ओलांडलेले असल्यास मे महिन्याची मागणी दांडीला हद्दीपलीकडे नेते. त्या वेगाने कॉम्प्रेसरची कार्यक्षमताही ढासळते, म्हणजे हवा आणखी तापते, म्हणजे आणखी दाब हवा. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की वाढवलेली सगळी शक्ती गिळून टाकते. उन्हाळ्यात ट्यून केलेली गाडी मूळ गाडीच्या बरोबरीला येते, ही मालकांची नेहमीची तक्रार त्यातूनच उद्भवते. वस्तुतः असे होणे हे चांगल्या ट्यूनिंगचे लक्षण समजावे. ज्या गाडीची शक्ती नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तसूभरही घटत नाही, तिच्या कोष्टकांत संरक्षणाची कोणती कलमे रद्द केली आहेत याची मालकाने चौकशी करावी.

उष्णतेची झळ कोठे अधिक बसते याविषयीही गैरसमज आहेत. शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागून ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेत गाडी सोडली, की ऊन कितीही असले तरी इंटरकूलरवरून वाऱ्याचा लोट वाहत असतो आणि इंजिनावरचा भारही मध्यमच असतो. आतल्या हवेचे उष्णतामान तेथे बाहेरच्यापेक्षा फार चढत नाही. खरी परीक्षा व्हरायटी चौकातल्या लाल दिव्याखाली होते. एसी चालू, त्याचा कंडेन्सर समोरच उष्णता ओकत असलेला, बॉनेटखालची हवा कोंडलेली, इंटरकूलरचे ॲल्युमिनियम त्या कोंडीत तापून निघालेले; अशा स्थितीत दिवा हिरवा होताच वर्धा रोडच्या दिशेने पाय पूर्ण दाबणारा जो हौशी चालक असतो, त्याच्या इंजिनाला पहिले काही सेकंद वर्षातली सर्वांत वाईट हवा मिळते. मूळचा बंद एअर फिल्टर काढून बॉनेटखाली उघडा, रंगीत, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवण्याची जी फॅशन आहे, ती या गावात तर शुद्ध नुकसानीची आहे. मूळ नळी समोरच्या जाळीमागून हवा घेते. उघडा फिल्टर रेडिएटरने तापवलेली घेतो. त्याचा आवाज मात्र फार छान येतो, हे मान्य केले पाहिजे.

इंधनाचा प्रश्न नागपुरात इतरत्रहून अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण इथेनॉलचे देशातील सर्वांत आग्रही प्रचारक, रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी, हे याच मतदारसंघाचे खासदार. इथेनॉलवर धावणारी बसही २०१४ च्या ऑगस्टमध्ये याच शहराच्या रस्त्यावर उतरली होती. बीएस-सहाच्या साध्या पेट्रोलला किमान ९१ ऑक्टेनची अट आहे. ९५ चे आणि १०० चे पेट्रोल मोजक्या पंपांवर जादा दराने मिळते. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणासाठी मानकाने ९५ ऑक्टेन मागितले आहे, आणि २०२५ मध्ये देशभराच्या पुरवठ्यात इथेनॉलचे प्रमाण या वीस टक्क्यांवर पोहोचल्याने साध्या पंपावरचे पेट्रोलही आता नॉकिंगला पूर्वीपेक्षा अधिक दाद न देणारे झाले आहे. इथेनॉलची बाष्प होताना उष्णता शोषण्याची शक्ती किलोमागे पेट्रोलच्या अडीचपट आहे, आणि थेट सिलिंडरात इंधन फवारणाऱ्या इंजिनात हा गारवा नेमका जेथे हवा तेथे मिळतो. लोक या मिश्रणाच्या मायलेजला शिव्या देतात, आणि ऊर्जेचे प्रमाण सहा-सात टक्के कमी असल्याने त्या शिव्यांना आधारही आहे. पण नागपूरच्या उन्हाळ्यातल्या ट्यून केलेल्या टर्बोचा विचार केला तर इथेनॉल हा त्याचा मित्र आहे, असेच म्हणावे लागते. अट एवढीच, की शुद्ध पेट्रोलचा एक भाग हवेच्या १४.७ भागांना पुरतो, तिथे या मिश्रणाचा एक भाग १३.५ च्या आसपास भागांनाच पुरतो. तेव्हा इंजेक्टर आणि उच्चदाबाचा पंप यांना जास्तीचा पुरवठा करण्याइतकी ताकद उरली पाहिजे. ज्या गाडीत ट्यूनरने ती ताकद पेट्रोलवरच संपवली आहे, तिथे हा मित्र उपाशी ठेवतो.

पावसाळ्याची गोष्ट थोडी विनोदी आहे. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना हवेतील बाष्प एकूण दाबाचा साडेतीन-पावणेचार टक्के हिस्सा अडवते आणि तेवढा प्राणवायू कमी होतो. पण तेच बाष्प ज्वलनाला किंचित थोपवून नॉकिंगही आवरते, त्यामुळे संगणक ठिणगी थोडी लवकर पाडू धजतो आणि हिशेब बराचसा फिटतो. गंमत ती इंटरकूलरवर पाणी फवारण्याच्या युक्तीची. सुबारू आणि मित्सुबिशी यांच्या शर्यती गाड्यांत ही सोय कारखान्यातूनच येत असे. मे महिन्यात ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या पृष्ठभागाचे उष्णतामान पंचवीस अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणजे फवारलेल्या पाण्याला वीस अंशांचा वाव मिळतो. जुलैत तो वाव दोन-तीन अंशांचाच उरतो. प्रत्येक नागपूरकराच्या खिडकीतला खसचा कूलर हाच धडा दरवर्षी देतो: मे महिन्यात खोली थंडगार, आणि पहिला पाऊस पडताच नुसती दमट हवा. मुंबईच्या ट्यूनरने निरुपयोगी ठरवलेली ही फवारणी विदर्भात मनापासून करून पाहण्यासारखी आहे, आणि ती येथे इतकी दुर्लक्षित का राहिली याचे मला आश्चर्य वाटते.

हिवाळा मालकांना प्रिय असतो, कारण गाडी आपोआप उडू लागते. धोका त्या आनंदातच दडलेला आहे. घनदाट हवेत बूस्ट त्वरेने चढतो, टॉर्क मधल्या फेऱ्यांवर एकदम उसळतो, आणि इंजिन निभावून नेते ते गिअरबॉक्सला निभावत नाही. फोक्सवॅगन समूहाच्या सात गतींच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सची निर्मात्याने दिलेली मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे, आणि दीड लिटरच्या टीएसआय इंजिनाचा मूळ टॉर्कच तितका आहे. त्यावर ट्यूनिंगची भर आणि त्यावर डिसेंबरची भर पडली की क्लच घसरू लागतो. थेट इंधन फवारणीच्या छोट्या टर्बो इंजिनांना आणखी एक व्याधी असते: कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबला असता ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटणे. एका झटक्यात पिस्टनच्या रिंगांमधली कड फोडण्याइतका हा प्रकार भयंकर आहे, आणि ऑइलच्या थेंबांशी त्याचा संबंध असल्याचे सिद्ध झाल्यानंतर अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये एसपी ही ऑइलची प्रत त्यासाठीची चाचणी घालूनच आणली. हिवाळ्यातला लवकर चढणारा बूस्ट नेमका याच भागात अधिक भार टाकतो. थंडीमुळे ऑइल घट्ट होईल ही भीती मात्र नागपुरात बाळगू नये. ५डब्ल्यू प्रतीच्या ऑइलची परीक्षा उणे ३० अंशांवर होते, आपल्या ३.५ अंशांची त्याला काय मातब्बरी. पहिली काही मिनिटे फेरे चढू देऊ नयेत, एवढे पुरे.

डिझेलचा विचार थोडक्यात आटोपता येतो. तेथे नॉकिंगची ही भानगड नाही आणि हवा नेहमी गरजेपेक्षा जास्त असते. उन्हाळ्यात ती घटली की काळा धूर निघतो, धुराचे उष्णतामान चढते आणि पुढे टर्बो किंवा धूरगाळणी निकामी होते. शक्ती वाढवणारा ट्यूनिंगचा बॉक्स जोडून काळा धूर सोडत जाणाऱ्या गाड्या आपला ताळेबंद रस्त्यावरच जाहीर करत असतात.

ऋतूचा सर्वांत मोठा घोळ मात्र इंजिनात न होता मोजणीच्या कागदावर होतो. डायनोवर, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी चढवली की ते मोजलेल्या शक्तीला दुरुस्तीच्या गुणकाने गुणून २५ अंशांच्या हवेत ती किती झाली असती ते सांगते. मे महिन्यातल्या नागपुरी दुपारी, कोरडा दाब ९५ किलोपास्कल धरला तर, हा गुणक १.०९ च्या आसपास येतो. मानकाने मोकळेपणाने मान्य केलेली कक्षा ०.९३ ते १.०७ इतकीच आहे. शिवाय टर्बोचा संगणक दाबाची तूट स्वतःच अंशतः भरून काढत असताना कागदावर तीच तूट पुन्हा भरणे म्हणजे एकाच रकमेची दोनदा वसुली. उष्णतामान मोजणारी सळी इंजिनाजवळच्या ६० अंशांच्या हवेत लटकत राहिली, तर आणखी अडीच टक्के फुकट मिळतात. सेन्सर कोठे आहे आणि नीट आहे काय, हा प्रश्न किती मूलभूत आहे ते या शहराने ३० मे २०२४ रोजी पाहिले: एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली, देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान खात्याला सेन्सर बिघडल्याचा खुलासा करावा लागला. डायनोच्या कागदाला असा खुलासा करायला लावणारे कोणी नसते. म्हणून दुरुस्तीपूर्वीचा आकडा, हवेचे उष्णतामान आणि दाब छापलेला नसेल तो कागद मी तरी दाखला म्हणून स्वीकारणार नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने नोंदवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी भिन्न होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कलम कडक अर्थानेच वाचले. संगणकातील कोष्टक एमएच-३१ च्या पासिंगला डोळ्यांनी दिसत नाही. वॉरंटीच्या दाव्याच्या वेळी मात्र कंपनीच्या यंत्राला ते दिसते, आणि विमा कंपनीचा सर्व्हेअरही हल्ली पूर्वीइतका भोळा राहिलेला नाही.

एवढे जाणूनही ज्याला ट्यूनिंग करून घ्यायचेच आहे, त्याने ते दिवाळीनंतरच्या सुखद हवेत करून घेऊन समाधान मानू नये. कोष्टके कोणत्याही महिन्यात लिहावीत, पण ट्यूनरशी ठरवताना नवतपातल्या दुपारी तीन वाजता, एसी चालू ठेवून, चौकात दहा मिनिटे उभी राहिल्यानंतर तिसऱ्या गिअरमध्ये ओढलेल्या गाडीची नोंद पुढच्या मे महिन्यात पुन्हा घेतली जाईल, असे कबूल करून घ्यावे. आणि त्या नोंदीत एकूण अश्वशक्ती पाहण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरामागे ठिणगी किती अंश मागे घेतली गेली तो रकाना पाहावा. एखाद्या सिलिंडरात अधूनमधून दोन-तीन अंश दिसले तर ते संगणकाचे रोजचे काम आहे. सगळेच रकाने सातत्याने त्याच्या दुप्पट दिसले तर बूस्ट उतरवून घ्यावा, आणि ट्यूनर तयार नसेल तर मूळची फाइल परत मागावी. ती पहिल्याच दिवशी मागून आपल्या ताब्यात ठेवलेली असल्यास अधिक बरे.